पणजोबा पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ब्रायटनच्या राजवाड्यातल्या हॉस्पिटलमध्ये होते असं घरात सांगतात, खरं असू शकतं का? आणि तिथे खरंच इतकी बडदास्त होती का?

असू शकतं, पण ते कुठल्या पलटणीत होते त्यावर सगळं अवलंबून आहे. मी काही वर्षं इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळ राहिलोय आणि तेव्हापासून या विषयाचा नाद लागलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी बडदास्तीचं. ती खोटी नाही. डिसेंबर 1914 पासून रॉयल पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे त्या राजवाड्यात, भारतीय जखमींना ठेवायला सुरुवात झाली, पॅव्हिलियन आणि शेजारची डोम नावाची इमारत मिळून सातशेच्या वर खाटा, झुंबरं तशीच लटकलेली आणि खाली ओळीने पलंग. राजाच्या भल्यामोठ्या मुदपाकखान्यात ऑपरेशन थिएटर. धर्म आणि जातीप्रमाणे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळसुद्धा वेगळे, शिखांसाठी आवारात तंबूतला गुरुद्वारा, नमाजाला हिरवळ. एवढी काळजी का, तर 1857 कोणी विसरलं नव्हतं. आणि फोटो, पोस्टकार्डं, गुरुमुखी-उर्दूतली पुस्तिका वगैरे छापून ते सगळ्यांना दिसेल याचीही पुरेपूर सोय केलेली. बादशहाने स्वतःचा महाल आपल्या जवानांना दिला असा समज होता, तो कुणी दूर केला नाही, पण खरं म्हणजे ती इमारत 1850 सालीच ब्रायटनच्या नगरपालिकेने विकत घेतलेली होती!

मात्र बाहेर फिरायला मोकळीक नव्हती. शहरातल्याच किचनर हॉस्पिटलमध्ये (आधीचं अनाथ-गरिबांचं वर्कहाऊस, खाटा पॅव्हिलियनच्या दुपटीहून जास्त) तर तिथले प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी कुंपणाला काटेरी तार, पहारा असा बंदोबस्त केला होता, मुख्य भीती ही की शिपाई गोऱ्या बायकांशी बोलतील. तिथल्या जगू गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने 1915 च्या शेवटी शेवटी याच कोंडमाऱ्याला वैतागून सेटन यांच्यावर गोळी झाडायचा प्रयत्न केला, ते वाचले, याला तुरुंगवास झाला. नाव वाचून मी दचकलोच होतो, ब्रायटनच्या सगळ्या गोष्टीत आपल्याकडचं वाटणारं नाव मिळालं ते हे असं.

आणि शिपायांना सगळ्यात जास्त काय खुपायचं तर बरं झाल्यावर परत खंदकात पाठवणं. एकदा रक्त सांडलं की घरी जाऊ द्यायला हवं असं त्यांना वाटायचं, साहजिकच आहे. पत्रं सेन्सॉर व्हायची म्हणून 'काळी मिरी' म्हणजे आपले आणि 'लाल मिरी' म्हणजे गोरे असं आडून लिहायचे, काळी मिरी संपत आलीय वगैरे. हाताला जखम असली की मुद्दाम करून घेतली असाही संशय घेत, पण याच सेटन यांनी हजार जखमी तपासले आणि तसा पुरावा सापडला नाही.

आता पणजोबांचं. फ्रान्सला लाहोर आणि मीरत डिव्हिजन गेल्या होत्या. त्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर पलटणीच्या) दोन कंपन्या होत्या, 28 ऑक्टोबर 1914 ला फ्रान्समधल्या नव्ह शापेलला त्यांची अक्षरशः कत्तल झाली. पणजोबा सॅपर असतील तर ब्रायटन अगदी शक्य आहे. पण 103, 110, 117 नंबरच्या मराठा पलटणीत असतील तर ते फ्रान्सला नाही तर मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) होते, आणि तिथे राजवाडा सोडा, धड स्ट्रेचर नव्हते. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळ टेसिफॉनची लढाई झाली, या तिन्ही पलटणी तिथे होत्या. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्यांत घालून, मोडलेले पाय आपटत, टायग्रिसच्या काठाला आणलं आणि तिथून बोटींच्या डेकवर एकमेकांना खेटून टाकून कित्येक दिवसांनी बसऱ्याला. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने अशी एक बोट येताना पाहिली, तिच्या बाजूने दोरखंड लोंबतायत असं त्याला लांबून वाटलं, जवळ आल्यावर कळलं ती विष्ठा होती. त्याने रिपोर्ट केला तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. पुढे 1917 ला चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. माझ्या मते ब्रायटनचे फोटो बघताना ही बोट आठवायलाच हवी, कारण सरकार तेच, शिपाईही तसेच, फक्त बसऱ्याला बघायला कोणी नव्हतं.

तर घरात मेडल असेल तर काढा. चांदीच्या गोल मेडलच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, स्टार (ताऱ्याच्या आकाराचं मेडल) असेल तर पाठीमागे. स्टारवर मधे 'ऑगस्ट नोव्हेंबर 1914' असं असेल तर ते फ्रान्स-बेल्जियमचंच, '1914-15' असेल तर कुठलंही असू शकतं, मग पलटणीवरूनच शोधावं लागेल. काय कोरलंय ते कमेंटमध्ये टाका, पुढचं बघू.