काजूचं भाट, चौदा लाख आणि पाखरं

गोव्यातल्या वाळपईजवळच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६१, खासगी नोकरीतून निवृत्त. वडिलोपार्जित पाच हजार चौरस मीटर काजूचं भाट, म्हणजे बागायत आहे. तिथे देशी झाडं, सिमेंटचं तळं, मचाण, कुंपण आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या असा बेत: पक्षी-जनावरं यावीत आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरेवाले. खर्च १४ लाख, एकूण ठेवी ३८ लाख. ‘करू का?’ एवढाच प्रश्न.

झाडं लावा, पाणी करा. खोल्या आत्ता नको.

तुमचा घरखर्च महिना ४० हजार. पेन्शन आणि गाळ्याचं भाडं मिळून १८ हजार येतात. उरलेले २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, व्याजातून काढता. ३८ लाखांवर ७ टक्के धरले तर व्याज होतं २ लाख ६६ हजार. अख्खं वर्ष दोन हजारांच्या फरकावर उभं आहे, तेही महागाई न धरता. त्यातून १४ लाख काढले की वर्षाला ९८ हजार व्याज गेलं.

ते खोल्यांतून भरून निघेल? एका खोलीचे रात्रीला अडीच हजार घेतलेत, तर चहा-नाश्ता, चादरी, वीज, कामाची बाई वजा जाता हातात १३०० राहतील असं धरू. ९८ हजारांसाठी अशा ७६ रात्री भराव्या लागतील. पक्षी बघायला येणाऱ्यांचा हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च, आणि गर्दी शनिवार-रविवारची. वीस आठवडे, दोन रात्री, दोन खोल्या: एकूण ८०. म्हणजे हंगामातली जवळजवळ प्रत्येक सुट्टी भरली, तर कुठे तुम्ही बँकेतल्या व्याजाची बरोबरी कराल. पावसात तिबोटी खंड्या येतो, पण त्याच्यासाठी जळवा झेलणारे पाहुणे थोडेच.

आणि पत्रातली एक ओळ. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर अजून दिवंगत काकांचं नाव आहे, असं लिहून तुम्ही पुढे गेलात. मी तिथेच थांबलो. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नसताना पक्कं बांधकाम करणं म्हणजे चुलत भावांच्या हिश्शात स्वतःचे पैसे पुरणं. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे वहिन्यांच्या सह्याही लागतील. जमीन बिगरशेती करण्याची सनद आणि पर्यटन खात्याची नोंदणी त्यानंतरच्या गोष्टी. आधी वकील गाठा.

आता पाखरांचं. ती खोल्या बघून येत नाहीत. रुमड (उंबर), सावर, पांगारा, भेर्ली माड लावा. फळं आणि मध असला की तांबट, हळद्या, बुलबुल आपसूक येतात, नशीब असलं तर धनेशही. लिंबू आणि कढीपत्त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. काजू मात्र ठेवा, तो दरवर्षी पैसे देतो.

तळ्याला दोन लाखांचं सिमेंट नको. माझ्या स्वतःच्या बागेत मी हौसेने उभ्या भिंतींची टाकी बांधली होती. एका सकाळी तिच्यात दोन खारी बुडालेल्या मिळाल्या. त्या दिवसापासून काठावरून आत तिरकी फळी सोडलेली आहे. तुम्ही उताराचा, कडेला चार बोटं आणि मध्ये हातभर खोल असा खड्डा करा. आपल्या जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणून खाली जाड ताडपत्री आणि वर माती. भोक पाडलेलं मडकं फांदीला टांगा. थेंब-थेंब पडणाऱ्या पाण्याचा आवाज पक्ष्यांना लांबून कळतो.

भाच्याने सुचवलेलं मीठ आणि फणस टाकून रानडुकरं, गवे बोलावण्याचं मात्र विसरा. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘कधीतरी एखादं’ मारण्याचा विषयच नाही. आणि चटावलेली डुकरं शेजाऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत घुसली, की त्या भांडणाचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. शिवाय तुमच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. गोचिडीच्या रानात पाहुणे झोपवण्याआधी तोही विचार हवा.

हे सगळं दीड लाखात बसेल. महिन्याला पावणेनऊशे रुपये व्याज कमी. ही हौस तुम्हाला परवडते. खड्डे मिरगाच्या आधी काढून ठेवा. दुसऱ्या वर्षी एक-दोन पक्षी-गाइडना भाट दाखवा. सकाळचे चार तास, नाश्त्यासह माणशी काय देतील, विचारा आणि खरोखर किती जण आले ते वहीत लिहा. ती वही आणि इन्व्हेंटरीचे कागद हातात आले, की खोल्यांचं बोलू.