जाताना साडेपाच तास, येताना साडेतेरा?

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे लंडनला जात आहोत. विमान मुंबईहून दुपारी 1 ला सुटून संध्याकाळी 6.30 ला पोचतं, म्हणजे साडेपाच तास. परतीचं रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 10.30 ला मुंबईत येतं, म्हणजे साडेतेरा. येताना लांबून आणतात का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, बाकीचे महिने साडेपाच. तेव्हा जाताना साडेचार तास मिळवा, येताना वजा करा. जाणं 10 तासांचं, येणं 9 तासांचं. परतीची तारीख नोव्हेंबरात गेली तर साडेपाच धरायला विसरू नका.

उरलेला एक तास वाऱ्याचा. 30 ते 40 हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारे वाहतात. जाताना ते नाकासमोर, येताना पाठीशी. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, मग फरकही वाढतो.

मुंबई ते लंडन सर्वांत जवळचं अंतर सुमारे 7,200 किमी. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येईल ते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून येणारं नव्हे. विमानाचा वेग ताशी 900 किमी धरून 8 तास येतात, पण प्रत्यक्षात बंद आकाश आणि ठरलेले मार्ग यांमुळे वळसा पडतो. वाट 7,500 किमी आणि समोरचा वारा ताशी 70 किमी धरला, तर 830 च्या वेगाने 9 तास लागतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर जागेवर लागणं हेही छापलेल्या वेळेत धरलेलं असतं. शिवाय उशीर झाकायला कंपन्या थोडी वेळ पदरी ठेवतात. म्हणून कधीकधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

प्रश्न : विमान 15 तारखेला पहाटे 2.10 चं आहे. पाचोऱ्याहून 15 ची गाडी धरू की 14 ची? की जळगावहून विमानानेच मुंबई गाठू?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : 14 ची, तीही दुपारच्या आत सुटणारी. या तारखेच्या घोळात भलेभले विमान चुकवतात: 15 च्या रात्री जाऊन उभं राहावं, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी, म्हणजे 14 ला रात्री 11 पर्यंत सहारच्या टर्मिनल 2 वर पोचायचं. बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि मग विनवण्या चालत नाहीत. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. वेळापत्रकाप्रमाणे ठाणं संध्याकाळी 6 च्या आत यावं, म्हणजे गाडी दोन तास रखडली तरी निभेल. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली तर तेही पुरत नाहीत. त्या दिवसांत आदल्या दिवशीच निघा.

जळगाव ते मुंबई हवेतून जेमतेम 355 किमी. पण तिकीट वेगळं काढलं, तर ते विमान रद्द झाल्यावर पुढचं चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सामानाचंही तसंच: देशांतर्गत तिकिटावर साधारण 15 किलो, पुढच्यावर 23 किंवा जास्त. वरच्या किलोंचे पैसे जळगावातच मोजावे लागतील, पापड-कुरडयांसकट.