पाण्याची काटकसर करणारी हरणं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडं शेळ्यासुद्धा सावली सोडत नाहीत. मग वाळवंटातली हरणं पाण्यावाचून जगतात तरी कशी? (एक वाचक, अथणी)

त्यांचा सगळा संसार काटकसरीवर चालतो. आफ्रिकेतलं ओरिक्स घ्या. ऊन वाढलं की आपल्याला घाम येतो, म्हणजे शरीर पाणी खर्चून गारवा मिळवतं. तहानलेलं ओरिक्स मात्र अंग तापू देतं. 1960च्या दशकात केनियात झालेल्या प्रयोगांत, पाणी तोडलेल्या ओरिक्सचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढलेलं आढळलं. दिवसभर साठलेली ही उष्णता रात्रीच्या गार हवेत निघून जाते, जांभ्या दगडाची भिंत निवते तशी, आणि त्यासाठी पाणी लागत नाही.

मेंदूची सोय वेगळी असते. मेंदूकडं जाणारं रक्त बारीक धमन्यांच्या जाळीतून जातं आणि नाकात गार होऊन परतणारं रक्त त्या जाळीला लागूनच वाहतं. त्यामुळं मेंदू बाकीच्या शरीरापेक्षा थोडा थंड राहतो. आपल्या शेळ्या-मेंढ्यांतही अशी जाळी असते.

पाणी येतं ते चाऱ्यातून. काही झुडपांची पानं दिवसा हातात घेतली तर चुरा होतात, पण तीच रात्री हवेतला दमटपणा शोषून घेतात. म्हणून ओरिक्स रात्री आणि पहाटे चरतं. सहारा वाळवंटातल्या अॅडॅक्स या हरणाचा रंग उन्हाळ्यात जवळजवळ पांढरा होतो आणि हिवाळ्यात करडा-तपकिरी. त्याचे खूर रुंद, पसरट असतात, म्हणून ते वाळूत रुतत नाहीत.

प्रश्न : ही जनावरं फक्त चरतात, की त्या जमिनीला त्यांचा काही उपयोगही होतो? (खानापूरहून एक शिक्षिका)

होतो, आणि बाई, मला यातच सर्वात जास्त रस आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलहारी वाळवंटात त्सामा नावाचं रानटी कलिंगड उगवतं. गेम्सबोक, म्हणजे तिथलं ओरिक्स, पाण्यासाठी ते खातं आणि चालत चालत दूरवर लेंड्या टाकतं. लेंड्यांतून बी पडतं, सोबत खतही मिळतं. पाऊस झाला की वेल मूळ जागेपासून लांब उगवतो.

पण दरवेळी आपल्याला हवं तेच बी पसरेल असं नाही. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरच्या गवताळ रानात काळवीट वेड्या बाभळीच्या गोड शेंगा खातात आणि लेंड्यांतून तिचं बी पसरतं. तिथं ही परदेशी बाभूळ गवताची जागा खात चालली आहे. बाहेरून आणलेलं झाड माळावर लावलं, की त्याचा प्रसार करणारे पाय आधीच तिथं हजर असतात.

प्रश्न : हरणांची शिंगं गळून पुन्हा येतात ना? (निपाणी)

चितळ-सांबरांची गळतात. काळवीट, चिंकारा, ओरिक्स यांची शिंगं आपल्या गाई-बैलांसारखी पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात.

प्रश्न : आपल्या भागात असं हरीण आहे का? गावचा माळ पडीक म्हणून तिथं झाडं लावायचा विचार चालू आहे. (रामदुर्ग)

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, मुधोळ आणि बिळगी तालुक्यांत, यडहळ्ळी चिंकारा अभयारण्य आहे; 2016 साली ते जाहीर झालं. हाच चिंकारा थरच्या वाळवंटातही राहतो. पाला आणि दवातूनच तो बरंचसं पाणी भागवतो.

झाडांबद्दल माझं मत ठाम आहे : गवताळ माळ पडीक नसतो, कृपया त्याचं रान करू नका. चिंकाऱ्याला लांबवर दिसणारी मोकळी जमीन, अधूनमधून बोरी-बाभळीची झुडपं आणि पळायला वाट लागते. लांडगा, खोकड, माळढोक यांनाही असाच मोकळा माळ लागतो. झाडं शाळेभोवती लावा, रस्त्याकडेला लावा. हरवलेलं जनावर परत आणणं फार महाग पडतं. अरबी ओरिक्स 1972 साली रानातून संपलं. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले कळप 1982 साली ओमानमध्ये सोडले, आणि पुढं शिकाऱ्यांनी त्यांतलेही बरेच नेले.

प्रश्न : शाळू काढताना पाडस एकटंच सापडलं तर घरी आणावं का? (चिकोडी)

आणू नका. आई त्याला मुद्दाम लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. पाडसाची विष्ठा ती स्वतः चाटून टाकते, म्हणजे लांडग्या-कुत्र्यांना वास लागत नाही. पाडसाला हात न लावता तेवढा पट्टा काढायचा ठेवा, गावची कुत्री बांधा आणि सगळे दूर व्हा. ते जखमी दिसलं, किंवा दुसऱ्या दिवशीही आई फिरकली नाही, तर वनखात्याला कळवा.