वाचकांचे प्रश्न : प्रतिद्रव्याच्या झोताची वाट पाहावी का?

प्रश्न : माझ्या मावशीला घशाचा कर्करोग असून डॉक्टरांनी रेडिएशन सुचवले आहे. अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याच्या वाचनात आले की, जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत प्रतिद्रव्याच्या कणांनी कर्करोगाच्या पेशी मारल्या आणि ते कण प्रोटॉनपेक्षा चौपट प्रभावी ठरले. असा उपचार लवकरच येणार असेल, तर थोडे थांबावे का? भारतात तो कुठे मिळेल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : थांबू नका. प्रतिप्रोटॉनच्या (प्रोटॉनएवढ्याच वस्तुमानाचा, पण उलट विद्युतभाराचा प्रतिद्रव्याचा कण) झोताने आजवर जगात कुठेही रुग्णावर उपचार झालेले नाहीत, आणि नजीकच्या काळात ते होतील असे मानायला आधारही नाही. तरीही आपल्या भाच्याने वाचलेले अगदीच निराधार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्नमधील तो प्रयोग २००३ साली सुरू झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात वापरलेल्या पेशी कर्करोगाच्या नव्हत्या. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या फुप्फुसातून वाढवलेल्या त्या पेशी होत्या. जिलेटिनमध्ये त्या मिसळून नळीत भरल्या, एका टोकाकडून झोत सोडला, मग नळीतल्या जिलेटिनच्या पातळ चकत्या कापून कोणत्या खोलीवर किती पेशी जगल्या हे मोजले. झोताच्या वाटेवरील पेशींचे नुकसान सारखे धरले, तर झोत जिथे थांबतो त्या शेवटच्या टप्प्यावर तेवढाच परिणाम साधण्यासाठी प्रोटॉनच्या एक चतुर्थांश प्रतिप्रोटॉन पुरले. ‘चौपट’ हा शब्द येथून आला.

याचे कारण असे. प्रोटॉन शरीरात शिरताना थोडी ऊर्जा सांडतो आणि थांबण्याच्या बेतात असताना बरीचशी एकदम सोडतो. प्रतिप्रोटॉनही थांबेपर्यंत तसाच वागतो. मात्र थांबताच जवळच्या अणुकेंद्रकातील कणाशी गाठ पडून दोघेही नष्ट होतात आणि सुमारे १.९ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जा मोजण्याचे अतिशय लहान एकक) ऊर्जा मोकळी होते. ती सगळी कर्करोगाच्या गाठीतच राहते, हा मात्र गैरसमज आहे. तिचा फार मोठा भाग पायॉन नावाच्या कणांबरोबर आणि गॅमा किरणांबरोबर दूर निघून जातो, म्हणजे निरोगी अवयवांनाही थोडा किरणोत्सर्ग सोसावा लागतो. जागेवर उरते ती सुमारे ३ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टची भर; पण ती फुटलेल्या केंद्रकाच्या तुकड्यांकडून अतिशय कमी अंतरात सोडली जात असल्यामुळे पेशींना ती जास्त घातक ठरते.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. सर्नमध्ये प्रोटॉनचा झोत इरिडियमच्या लक्ष्यावर आपटवला जातो, तेव्हा सुमारे दहा लाख प्रोटॉनमागे एक प्रतिप्रोटॉन हाती लागतो. तेथील यंत्र सुमारे शंभर सेकंदांच्या एका फेरीत तीनेक कोटी प्रतिप्रोटॉन देते. आता शंभर ग्रॅमच्या गाठीला २ ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा, म्हणजे साधारणपणे एका बैठकीची मात्रा, द्यायची आहे असे धरू. प्रत्येक प्रतिप्रोटॉन गाठीत १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो असे अगदी सढळ हाताने मानले, तरी बारा अब्जांहून अधिक कण लागतील. म्हणजे चारशेहून अधिक फेऱ्या, अर्थात अकरा तासांहून अधिक वेळ, आणि तोही एकाच रुग्णाच्या एकाच बैठकीसाठी. जैविक परिणाम जास्त म्हणून मात्रा निम्मी केली, तरी हा हिशेब कोणत्याही रुग्णालयाला परवडणारा नाही. शिवाय, माझ्या मते प्रतिप्रोटॉनची खरी तुलना प्रोटॉनशी नव्हे, तर कार्बन आयनशी, म्हणजे विद्युतभारित कार्बन अणूंशी, व्हायला हवी. शेवटच्या टप्प्यावर अधिक घातक ठरण्याचा हाच गुण कार्बनच्या झोतात आहे, आणि जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून त्याने रुग्णांवर उपचार होत आहेत.

गंमत अशी की, मावशींचा पेट स्कॅन झाला असेल, तर प्रतिद्रव्य त्यांच्या शरीरात येऊन गेलेही आहे. त्या तपासणीआधी टोचलेल्या साखरेसारख्या द्रव्यातील फ्ल्युओरिन-१८ मधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, बाहेर पडतात आणि त्यांच्या विनाशातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या जोड्यांवरून गाठ कुठे आहे ते कळते. तिथे प्रतिकण किरणोत्सर्गी द्रव्यातून आपोआप निघतात, ते प्रतिप्रोटॉनसारखे लक्ष्यावर झोत आपटवून मिळवावे लागत नाहीत, म्हणून ते जमते.

भारतात आज उपलब्ध आहे तो प्रोटॉन उपचार : चेन्नईत, आणि टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात. मडगाव किंवा थिवीहून रेल्वेने पनवेलला उतरले की खारघर जवळच आहे. मात्र प्रत्येक रुग्णाला त्याचा वेगळा लाभ होतोच असे नाही. लहान मुलांच्या आणि कवटीच्या तळाशी असलेल्या गाठींमध्ये त्याचा विचार प्रामुख्याने होतो. मावशींच्या बाबतीत तो गरजेचा आहे का, एवढेच आपल्या डॉक्टरांना विचारा आणि त्या उत्तरासाठी ठरलेली तारीख पुढे ढकलू नका, कारण घशाच्या कर्करोगात रेडिएशन लांबले किंवा मध्येच खंड पडला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते. सुरुवात होण्यापूर्वी दंतवैद्याकडून दात मात्र अवश्य तपासून घ्या. किडलेला दात काढायचा असेल, तर तो आधीच काढून जखम भरू द्यावी लागते, रेडिएशननंतर जबड्याचे हाड सहजी भरून येत नाही.