घर-दुरुस्ती: प्रश्न तुमचे

प्रश्न: कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जमीन सागवानी फळ्यांची आहे. खालच्या बिऱ्हाडातल्या फोडणीचा आणि सिगारेटचा वास थेट आमच्या झोपायच्या खोलीत येतो. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फटी बुजवल्या होत्या, पण उन्हाळ्यात सगळं सुटून आलं. काय करावं?

उत्तर: ते सुटणारच होतं. फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसते. वाळून कडक झालेलं भरण मग एका कडेने तुटतं. इथे ताणलं जाणारं भरण, म्हणजे सीलंट, हवं.

पण आधी वास कुठून येतो ते शोधा. लक्ष फळ्यांमधल्या फटींकडे जातं, मात्र भिंतीलगतची कड आणि नळ-वायरींची भोकं यांतूनही बराच वास वर येतो. खाली स्वयंपाक चालू असताना तुमच्या खिडक्या आणि पंखे बंद करा आणि पेटती उदबत्ती जमिनीलगत हळू फिरवा. धूर जिथे अचानक हलतो तिथे खडूने खूण करा.

पाय पडला की हलणारी फळी आधी स्क्रूने खालच्या कडीला (फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडाला) आवळून घ्या, नाहीतर कुठलंही सीलंट फाटेल. जुना भुसा पातळ पटाशीने पूर्ण खरवडा आणि व्हॅक्यूमने धूळ ओढा. मग फटीत फोमची दोरी दाबा. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘बॅकर रॉड’ म्हणून मागा. ती फटीहून थोडी जाड घ्यायची, 8 मिमीच्या फटीला 10 मिमीची. ही दोरी कृपया टाळू नका. ती नसली तर सीलंट दोन्ही फळ्यांबरोबर तळालाही चिकटतं, मग त्याला ताणायला वाव उरत नाही आणि ते मधोमध चिरतं.

दोरीच्या वर 5-6 मिमी जागा ठेवून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा आणि सीलंट ओलं असतानाच ती काढा. 5 मिमी रुंद आणि 5 मिमी खोल भरणाला मीटरमागे 25 मिली लागतं, म्हणजे 300 मिलीची नळी 12 मीटर पुरते. 10 बाय 12 फुटी खोलीची नुसती कडच जवळपास साडेतेरा मीटर भरते, तेव्हा दोन नळ्या आणा. सिलिकॉन नको, त्यावर पॉलिश धरत नाही. अगदी बारीक फटीत दोरी जात नाही. तिथे सुती दोरा दाबून वर सीलंट भरा. सेंटिमीटरहून रुंद फटीत सागाची पट्टी बसवा, पण ती एकाच बाजूच्या फळीला चिकटवा.

काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा. तेव्हा लाकूड ना पुरतं फुगलेलं असतं, ना पुरतं आकसलेलं. मे महिन्यात भरलेलं सीलंट पावसाळ्यात दाबून वर येतं. सुरुवात करण्यापूर्वी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपासून घ्या. वाळवी किंवा कुज दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा.

प्रश्न: वायरींच्या भोकात फवाऱ्याचा फोम मारला तर?

उत्तर: नको. साधा पीयू फोम पेट घेतो, आणि लाकडी मजल्यात हे भोक म्हणजे आगीला वर चढायची वाट. मोठ्या भोकात रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) ठासा आणि वरून आगरोधक सीलंट लावा.

प्रश्न: आमच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन लावला तर वास जाईल का?

उत्तर: वाढेल. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत येते. खिडक्या बंद असतील तर ती फळ्यांखालूनच येणार. फॅन खालच्या स्वयंपाकघरात हवा. खालच्या मंडळींशी बोला, खर्चातला वाटा उचलायची तयारी दाखवा. सापडलेल्या सगळ्या फटी बुजवल्या तरी तो फॅन लागेलच, कारण जुन्या जमिनीतली प्रत्येक फट सापडत नाही.