काकांचे स्पीकर: घरी दुरुस्त करावेत की आहेत तसे विकावेत?

प्रश्न (थोडक्यात): काकांच्या माघारी त्यांची १९७०च्या दशकातली सीलबंद खोक्याची थ्री-वे (खर्जाला वूफर, मधल्या सुरांना मिडरेंज, वरच्या सुरांना ट्वीटर असे तीन भाग असलेली) लाउडस्पीकरची जोडी काकूंनी मला दिली. दोन्ही वूफरच्या कडेच्या फोमचा भुगा झालाय, एक ट्वीटर मुका आहे आणि व्हिनिअर (खोक्यावरचा लाकडाचा पातळ थर) कडांना सुटलंय. घरीच सगळं नवं करायचं ठरवलंय. सुट्या भागांची आणि अवजारांची यादी सोबत जोडली आहे. अशा जोड्यांचे भाव दहा वर्षांत दुप्पट झाले असं वाचलं, त्यामुळे हा खर्च म्हणजे एक प्रकारची गुंतवणूकच वाटते. थोडे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून आणि उरलेले क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर काढावेत का?

उत्तर:

दुरुस्ती जरूर करा. मात्र तुम्ही लिहिलेल्या क्रमाने नको आणि तुम्ही सुचवलेल्या पैशांतून तर नकोच.

आधी हिशोब. तुमच्या पत्रातल्या रकमा इथे छापत नाही. दुरुस्त जोडीची तुम्ही धरलेली किंमत १०० मानून बाकीचे आकडे त्या प्रमाणात मांडतो. तुमच्या यादीतले सुटे भाग ५० होतात: फोमचा संच ५, सगळे कपॅसिटर (सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले वीज साठवणारे भाग) महागड्या पॉलिप्रॉपिलिन फिल्मचे १४, नवी ट्वीटरजोडी १२, आतल्या वायरी आणि मागचे टर्मिनल ६, नवं व्हिनिअर आणि पॉलिश १३. शंभरातून पन्नास वजा केले आणि पन्नास नफा, असा तुमचा कागद सांगतो.

या कागदावर तीन गोष्टी नाहीत. पहिली म्हणजे अवजारं. सोल्डरिंग स्टेशन, एलसीआर मीटर (कपॅसिटरचं मूल्य मोजणारा), मोजणीचा मायक्रोफोन, घासायचं यंत्र, शिकंजे हे सगळं मिळून २५ होतं. ते तुम्ही वेगळ्या पानावर लिहिलंत आणि बेरजेत घ्यायचं राहिलं. दुसरी म्हणजे विकण्याचा खर्च. इतक्या जड वस्तूचं पॅकिंग, वाहतूक आणि शेवटच्या क्षणी होणारी घासाघीस यासाठी १० तरी धरा. तिसरी गोष्ट बहुतेक सगळेच विसरतात. जोडी फुकट मिळाली म्हणून तुम्ही तिची किंमत शून्य धरलीत. पण तुम्हीच लिहिलंय की ती आज आहे त्या अवस्थेत ३० ला घ्यायला एक गृहस्थ तयार आहेत. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही त्यांना नाही म्हणाल त्या दिवशी तुम्ही ती ३० ला विकत घेतलीत, असं मी समजतो. आता १०० मधून ३०, ५०, २५ आणि १० वजा करा. उणे १५ उरतात.

तो १०० चा आकडाही मला जरा फुगलेला वाटतो. तो जाहिरातींतून घेतलाय. जाहिरातीतला भाव ही विकणाऱ्याची इच्छा असते. सौदा कितीला झाला ते कळायचं तर त्याच मॉडेलच्या प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या जोड्यांच्या किमती पाहायला हव्यात. त्या हाती येईपर्यंत मी ७५ च्या वर जाणार नाही. ७५ धरले तर तुमची मूळ योजना उणे ४० वर जाते.

आता ‘दहा वर्षांत दुप्पट’बद्दल. हे खरं मानलं तरी तो परतावा वर्षाला चक्रवाढीने साधारण ७.२ टक्के पडतो. विकताना किमतीच्या १५ टक्के हातातून गेले तर शंभराचे दोनशे न होता १७० हाती येतात, म्हणजे वर्षाला ५.४ टक्के. मधल्या काळात दुरुस्तीवर आणखी १० लागले तर परतावा पाचाच्या खाली उतरतो. शिवाय या वस्तूवर ना व्याज मिळतं ना लाभांश, आणि गरजेच्या दिवशी अर्धा स्पीकर विकता येत नाही. फोम तर नुसता ठेवला तरी खराब होतो. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने आपोआप सडत जातो, आणि पंधरा ते पंचवीस वर्षांत तो बदलावाच लागतो. याउलट कार्डाचे हप्ते व्याजाचे असतील तर तो दर या परताव्याच्या कितीतरी पुढे असेल. ‘बिनव्याजी’ म्हणत असतील तर प्रक्रिया शुल्क किती आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट किती बुडते, ते आधी विचारा.

अडीअडचणीच्या रकमेचं तर बोलायलाच नको. तुमच्याकडे चार महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. घरात कमावणारे तुम्ही एकटे, तेव्हा मला तिथे सहा महिन्यांचा हवाय. तुमच्या योजनेने तो तीनच्या खाली येईल. त्या पैशाला हात लावू नका. स्पीकरचा खर्च महिन्याच्या हौसेच्या पैशांतून, थोडा थोडा होऊ द्या. घाई कसलीच नाही. सडलेला फोम आणखी सडून नवं नुकसान होणार नाही, अट एवढीच की ही जोडी आता अजिबात वाजवायची नाही. कडेचा आधार गेला की कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, मध्यावर राहत नाही. मग व्हॉइस कॉइल (कोनला जोडलेली तारेची गुंडाळी) चुंबकाच्या फटीत घासते, आणि ५ मध्ये होणारं काम नवी कॉइल आणि नवा कोन बसवण्यावर जातं. एखादं गाणं हळू आवाजात ऐकून बघायचा मोह आवरा.

माझा मुख्य आक्षेप खर्चाच्या क्रमावर आहे. तुम्ही मोठ्या वस्तू आधी मागवणार आहात आणि खोकं नंतर उघडणार आहात. पण जो खर्च काही माहिती देतो तो आधी करायचा आणि जो नुसती भर घालतो तो शेवटी. अशा कामात सगळ्यात जास्त माहिती मिळते ती साध्या मल्टिमीटरवर. प्रत्येक ड्रायव्हरची (वूफर, मिडरेंज, ट्वीटर यांतल्या प्रत्येकाची) वायर क्रॉसओव्हरपासून (त्यांना सूर वाटून देणाऱ्या सर्किटपासून) सोडवा आणि रोध मोजा. आठ ओहमच्या ड्रायव्हरवर मीटर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमच्या ड्रायव्हरवर तीन-साडेतीनच्या आसपास. आकडा नेमका किती आहे यापेक्षा डावीकडचा आणि उजवीकडचा जुळतो का, हे जास्त महत्त्वाचं. मीटरने काहीच दाखवलं नाही तर त्या ड्रायव्हरची कॉइल किंवा तिची वायर तुटलेली आहे.

मुका ट्वीटर खरंच गेलाय का, याची मला शंका आहे. त्या काळातल्या अनेक स्पीकरना मागे ट्वीटर आणि मिडरेंजचा आवाज कमी-जास्त करायची बटणं असत. ती आतून गंजतात, संपर्क तुटतो आणि धडधाकट ट्वीटर मेल्यासारखा वाटतो. अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-३ए या नावाजलेल्या मॉडेलची बटणं तर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. दोष बटणात किंवा एखाद्या कपॅसिटरमध्ये निघाला तर तुमच्या यादीतले १२ अख्खे वाचतील. मीटरची किंमत त्याच्या किरकोळ हिश्शाइतकी आहे. ट्वीटर खरोखरच गेला असेल, तर दोन नवे कुठले तरी बसवण्यापेक्षा त्याच मॉडेलचा एक जुना चालू ट्वीटर शोधा. वेगळा ट्वीटर बसवला की जुना क्रॉसओव्हर त्याला जुळत नाही, आणि पुढे तुम्ही क्रॉसओव्हरही बदलायला घ्याल.

मल्टिमीटरने होकार दिला तरच वूफर. दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ, हळूच आत दाबा. खरखर ऐकू आली नाही तर कॉइल शाबूत आहे असं धरा आणि फोमचा संच मागवा. तो मागवताना नुसतं ‘दहा इंची’ किंवा ‘बारा इंची’ एवढं सांगून चालत नाही. कोनचा प्रत्यक्ष व्यास आणि फ्रेमचं माप घ्या, कडेचा उतार पाहा, आणि शक्य असेल तर त्याच मॉडेलसाठी विकला जाणारा संच घ्या. तुमच्या स्पीकरच्या बाबतीत याला जास्तच महत्त्व आहे. १९५४ साली एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनी काढून जी पद्धत रूढ केली, तिच्यात हवाबंद खोक्यातली हवाच वूफरची स्प्रिंग असते. म्हणून कोनची कड अगदी मऊ लागते. कडक फोम लावलात तर वूफरचा अनुनाद (ज्या सुराला तो आपसूक थरथरतो तो) वर सरकतो आणि ज्या खर्जासाठी ही जोडी ठेवायची, तोच पातळ होतो. याच कारणाने वूफरखालचं सील (हवा अडवणारी पट्टी) महत्त्वाचं आहे. हवा निसटणाऱ्या खोक्यात उत्तम कपॅसिटर बसवून काही साधत नाही. तुमच्या यादीत सील कुठेच नाही, आणि चांदीचा मुलामा दिलेली वायर मात्र आहे!

फोम बसवणं घरी जमण्यासारखं काम आहे. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून चिकाटीने काढायचा. नवी कड आधी कोनला चिकटवायची. मग फ्रेमला चिकटवताना वीस-तीस हर्ट्‌झचा सूर अगदी हळू सोडून कोन मध्यावर आणायचा, किंवा मधली टोपी काढून कॉइलभोवती पातळ पट्ट्या सरकवायच्या. चुकलं तर कड सोडवून पुन्हा चिकटवता येते, म्हणून इथे स्वतः हात घालायला माझी हरकत नाही. भीती वाटत असेल तर तेवढंच काम कारागिराला द्या, बाकीचं घरी करा.

कपॅसिटरवर तुम्ही १४ ठेवलेत. त्यातले इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत द्रव असलेले, तेवढे बदला. ते वयाने सुकतात, त्यांचं मूल्य सरकतं आणि अंतर्गत रोध वाढतो. फिल्मचे कपॅसिटर मात्र सहसा वर्षानुवर्षं टिकतात. मोजून ठीक निघाले तर राहू द्या. सगळीकडे महाग फिल्म घातली की अंतर्गत रोध एकदम कमी होतो, आणि काही स्पीकरमध्ये वरचे सूर मूळ रचनेपेक्षा पुढे येतात. मग तो झणझणाट कमी करायला लोक मालिकेत छोटा रेझिस्टर टाकतात, म्हणजे पैसे देऊन काढलेला रोध पुन्हा पैसे देऊन आत आणतात. नव्या इलेक्ट्रोलायटिकवर, तेही ध्रुवता नसलेल्या प्रकारच्या, ४ पुरेत. काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. जुन्या वस्तूंचे जाणकार खरेदीदार ती पिशवी मागतात.

व्हिनिअरचे १३ मी सरळ खोडतोय. सुटलेल्या कडा गोंदाने बसवा, कापडाने पुसा, हलकं तेल लावा. जुनं व्हिनिअर पातळ असतं, यंत्राने घासताना खालचा भुशाचा बोर्ड दिसायला वेळ लागत नाही. संग्राहक मूळ लाकडावरचे ओरखडे चालवून घेतात, पण नव्या पॉलिशखाली काय दडलंय याची त्यांना शंका येते.

तर सुधारित अंदाज असा: फोम आणि गोंद ५, कपॅसिटर ४, सील, साफसफाई आणि व्हिनिअरच्या कडा मिळून ३, साधा मल्टिमीटर आणि साधी सोल्डरिंग इस्त्री ५. एकूण १७. एलसीआर मीटर कुणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा. ७५ मधून ३०, १७ आणि १० वजा जाता १८ उरतात. ट्वीटर घ्यावा लागला आणि एकासाठी ६ गेले तर १२. एवढ्या शिलकीसाठी तुमचे सगळे रविवार जाणार. नुसता पैसाच हवा असेल तर त्या गृहस्थांना जोडी ३० ला द्या आणि ती रक्कम अडीअडचणीच्या खात्यात टाका. तिथे तिचा जास्त उपयोग आहे.

पण तुमचं पत्र वाचून मला नाही वाटत की तुम्हाला नुसता पैसा हवाय. अर्धं पत्र काका कोणत्या खुर्चीत बसून काय ऐकत यावर आहे. मग याला घरखर्चाच्या वहीत ‘हौस’ या सदराखाली लिहा आणि १७ मध्ये वर्षानुवर्षं ऐकायला चांगली जोडी मिळतेय म्हणून खूश व्हा. तो स्वस्तातला सौदा आहे. मी स्वतः जुन्या स्पीकरांचा शौकीन आहे, त्यामुळे माझा कल तिकडे थोडा झुकलेला आहे हे लक्षात घेऊनच हे वाक्य वाचा.

तुमच्या पत्रात अँप्लिफायरचा उल्लेख नाही. सीलबंद खोक्यातून खोल खर्ज काढणाऱ्या या पद्धतीत संवेदनशीलतेचा (दिलेल्या ताकदीत किती मोठा आवाज निघतो याचा) बळी जातो, त्यामुळे अशा स्पीकरना ताकद जास्त लागते, आणि त्यातले काही चार ओहमचे असतात. सध्याचा अँप्लिफायर चार ओहमचा भार पेलतो का, हे त्याच्या मागच्या पट्टीवर पाहा. तो बदलावा लागणार असेल तर वरचं सगळं गणित बदलतं, आणि मग मी जोडी झाकून कोरड्या जागी ठेवा, एवढंच म्हणेन. वर्षभराने पुन्हा हिशोब करू.

आणखी एक. पुढेमागे विकायचा विचार पक्का झालाच, तर आधी काकूंच्या कानावर घाला. त्यांनी जोडी तुम्हाला ऐकायला दिली आहे. तिचे पैसे होणार असतील तर त्यांच्या मुलीचा त्यात वाटा असावा का, हे त्यांनाच ठरवू द्या. नात्यातली अशी वस्तू परस्पर विकली गेली की वाद रकमेवरून होत नाही, न विचारल्यावरून होतो.

या महिन्यात खरेदी एकच, मल्टिमीटर. सहाही ड्रायव्हरचे रोध, मागच्या बटणांची अवस्था आणि अँप्लिफायरवरचा आकडा लिहून पाठवा. एखाद्या वूफरची कॉइल तुटलेली किंवा घासणारी निघाली तर तिथेच थांबा आणि त्या गृहस्थांना फोन करा. मात्र दोष लपवू नका. ३० ऐवजी २० मिळाले तरी चालतील.