कोरा डेस्कटॉप: फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी यूजर्स फोल्डर उघडा

ताई, सिडकोतल्या घरी काम चालू असताना लाईट गेली, परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर विंडोजचा मूळचा, फक्त रिसायकल बिन आणि एजचं चिन्ह, असं तुम्ही लिहिलंय. दिंडोरीच्या बागेच्या फवारणीच्या नोंदी, बिलं, मुलाचा प्रोजेक्ट, सगळंच दिसेनासं झालंय. आणि दुकानातला माणूस म्हणतोय, ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ आमच्याकडे नेमका हाच प्रकार झाला होता, म्हणून राहवत नाही. तूर्त फॉरमॅटला हो म्हणू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून फायली डिस्कवर जागच्या जागी असण्याचीच शक्यता जास्त आहे.

राईट क्लिक करून ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ वगैरे तुम्ही पाहिलंच असेल. नुसती चिन्हं लपली असती तर वॉलपेपर बदलला नसता. वॉलपेपर, टास्कबार आणि फायली एकदम गेल्या, याचा अर्थ विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवलंय. प्रत्येक यूजरच्या फोल्डरमध्ये ‘एनटीयूजर डॉट डॅट’ नावाची लपलेली फाईल असते, तिच्यात त्या यूजरची सगळी मांडणी असते. लॉगिन करताना ती उघडली नाही, म्हणजे लाईट गेल्यामुळे खराब झाली किंवा अँटिव्हायरसने धरून ठेवली, तर विंडोज एक रिकामं फोल्डर तयार करून तेच तुमचं म्हणून दाखवतं.

खात्री करायची तर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत इंग्रजीत ‘यूजरप्रोफाइल’ हा शब्द टाका, आधी आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा सोडायची नाही, मग एंटर. उघडलेल्या फोल्डरचं नाव ‘टेम्प’, किंवा टेम्प आणि पुढे कॉम्प्युटरचं नाव असं असेल तर निदान पक्कं. तुमच्याच नावापुढे टिंब आणि शून्य-शून्य-शून्य दिसलं तरी मामला त्याच जातीचा. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर बऱ्याच लोकांचे डेस्कटॉप असेच कोरे झाले होते, तेव्हाही फायली जुन्या फोल्डरात शाबूत होत्या.

यानंतर काय आधी आणि काय नंतर, याला फार महत्त्व आहे. टेम्पमध्ये बसून जे काही सेव्ह केलं ते साइन आउट होताच पुसलं जातं. म्हणून काल-आज काही टाईप केलं असेल, डाउनलोड केलं असेल, तर ते रीस्टार्टच्या आधी डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग सी ड्राइव्हमधलं यूजर्स फोल्डर उघडा. तिथे तुमच्या जुन्या नावाचं फोल्डर असेल, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. सापडलं की दुसरं काहीही करण्याआधी ते अख्खं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह या कामाला वापरू नका, शॉर्टकट व्हायरसची भर पडेल.

कॉपी झाल्यावर रीस्टार्ट करून बघा, दोनतीनदा. शटडाऊन करून पुन्हा चालू करणं वेगळं. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन अर्धवटच असतं. फाईल नुसती अडकली असेल तर खऱ्या रीस्टार्टने सुटते आणि सगळं पूर्ववत दिसतं.

नाही सुटली तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा. शक्यतो दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून ती उघडणारा ‘रेजएडिट’ प्रोग्राम चालू करा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असं आत जा आणि आधी प्रोफाइल लिस्टचा एक्सपोर्ट घेऊन ठेवा. एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक नोंदींत एकच आकडा दोनदा दिसेल, एक साधा आणि एक शेवटी ‘डॉट बॅक’ असलेला. बॅकवालीत ‘प्रोफाइल इमेज पाथ’समोर तुमच्या जुन्या फोल्डरचा पत्ता आहे ना, ते बघा. असेल तर साध्या नोंदीच्या नावापुढे ‘डॉट ओल्ड’ जोडा, दुसरीच्या नावातलं ‘डॉट बॅक’ काढा, तिच्यातले ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ शून्य करा आणि रीस्टार्ट करा. तरीही टेम्पच आलं तर एनटीयूजर फाईल खरंच खराब आहे. मग तिच्याशी झटापट करत बसू नये असं माझं मत आहे. नवीन अकाउंट काढा, जुन्या फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स त्यात आणा, फक्त एनटीयूजर नावाच्या फायली आणू नका. मी तुमचा कॉम्प्युटर पाहिलेला नाही, तेव्हा रजिस्ट्रीत हात घालायची भीती वाटत असेल तर सरळ नवीन अकाउंटचाच रस्ता धरा.

आता ज्याने आमचं सर्वांत जास्त नुकसान केलं त्याबद्दल. शहरातल्याच एका दुरुस्ती केंद्राने, नाव घेत नाही, ‘बॅकअप घेऊनच फॉरमॅट करतो’ असं सांगितलं. बॅकअप घेतलाही. पण लॉगिन केल्यावर समोर दिसतो तो डेस्कटॉप आणि तेच डॉक्युमेंट्स, म्हणजे टेम्पमधली रिकामी फोल्डरं कॉपी केली आणि सी ड्राइव्ह पुसून टाकला. विचारायला गेल्यावर जॉब कार्डावरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली, ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’. दोन मिनिटं यूजर्स फोल्डर उघडून बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. ज्यांच्याकडे लोक आयुष्यभराचे फोटो आणि धंद्याचे हिशेब सोपवतात त्यांनी एवढंही बघू नये, याचा मला आजही संताप येतो.

यातली दुसरी खोच अशी. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि जुन्या यूजर फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर परवानगी नसल्यामुळे तिथे ‘० बाइट्स’ दिसतं. घाईतला माणूस फोल्डर रिकामं समजतो. त्याच फोल्डरवर डबल क्लिक करून ‘कंटिन्यू’ दाबलं, हिरवी पट्टी सरकेपर्यंत थांबलं, की आतलं सगळं दिसतं. ‘शून्य दाखवतंय’ असं कोणी म्हणालं तर आत जाऊन दाखवा म्हणावं.

दुकानात द्यावाच लागला तर जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहा: ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ आणि बॅकअप म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स नाही, तर अख्खं यूजर्स फोल्डर मागा, पब्लिक धरून. हिशेबाच्या टॅलीप्राइमचा डेटा सहसा यूजर्समधल्या पब्लिकमध्येच असतो, जुन्या टॅली ईआरपी ९ चा थेट सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरात. आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाईल डॉक्युमेंट्समध्ये किंवा जुन्या आवृत्तीत लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात असते, क्रोमचे बुकमार्कही ॲपडेटामध्येच, हेही सांगावं लागतं. लॅपटॉप असेल आणि त्यात बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच कागदावर उतरवून ठेवा, ती नसेल तर काढलेली डिस्क दुसरीकडे उघडणारच नाही.

घरी डिस्क काढून बघणार असाल तर अडीच इंची डिस्कला साटा ते यूएसबी केबल पुरते, साडेतीन इंचीला वेगळा १२ व्होल्टचा ॲडाप्टर लागतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘कॉशन’ दिसत असेल, तर चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-दुरुस्ती अजिबात चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती दुरुस्ती उलट नुकसान करते. बंद करा आणि आधी डिस्कची क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करून घ्या.

यूजर्समध्ये जुन्या नावाचं फोल्डर आहे पण त्यातलं डेस्कटॉप रिकामं आहे, असं निघालं तर त्याच फोल्डरमधल्या वनड्राइव्हमध्ये बघा. बॅकअप चालू केल्यावर वनड्राइव्ह डेस्कटॉपच स्वतःच्या फोल्डरात हलवतं, आणि बॅकअप बंद केला तरी फायली तिथेच राहिलेल्या असू शकतात. निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाईल डिस्कवर नसतेच, फक्त इंटरनेटवर असते, ती कॉपी करायची तर नेट चालू हवं.

आणि फॉरमॅट आधीच झालं असेल तर? नुसतं वरून विंडोज टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ शोधा, त्यातल्या यूजर्समध्ये सगळं असतं, पण विंडोज ते साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. तेही नसेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, यावर सगळं अवलंबून आहे. फिरत्या डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं असेल तर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आशा असते, म्हणून ती लगेच बंद करून बाहेर काढा. एसएसडीला सहसा ट्रिम, म्हणजे मोकळी झालेली जागा आतून पुसून टाकण्याची सोय, लागू असतं, फॉरमॅटबरोबर ब्लॉक मोकळे होतात, आणि मग ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर कधीच टाकायचं नाही, सापडलेल्या फायलीही दुसऱ्याच डिस्कवर उतरवायच्या. त्यातलं फोटोरेक चांगलं आहे, फुकट आहे, पण फायलींची मूळ नावं राहत नाहीत. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेली जुनी मराठी पत्रं तो फॉन्ट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. खराब समजून ती उडवू नका, आधी फॉन्ट टाका.

घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का बघा. ‘नॉर्मल’वर असेल तर लाईट जाता-येताना कॉम्प्युटर बंद पडू शकतो. नाहीतर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो.

तर आज फक्त ते टक्क्यांच्या चिन्हांतलं यूजरप्रोफाइल टाकून बघा आणि काय नाव दिसलं, यूजर्समध्ये कोणकोणती फोल्डरं आहेत, डिस्क हार्ड डिस्क की एसएसडी, एवढं कळवा. तोवर कॉम्प्युटर दुकानात नेऊ नका.